रुखवताचा लाडू आणि आबांचे चार दात

माझ्या लग्नात नवरीपेक्षा एका लाडवाची चर्चा जास्त झाली, आणि त्याला सर्वस्वी मीच जबाबदार आहे.

तेव्हा, म्हणजे सत्तर सालाच्या आसपास, मी नगरला सरकारी कचेरीत कारकून होतो. परिपत्रकाचा 'विषय' वाचला की आतला मजकूर आपोआप समजतो, अशी आम्हा कारकुनांची श्रद्धा. (अजूनही असावी!) त्यामुळे 'विषय : सरकारी दवाखान्यात मोफत दंतोपचार' एवढं वाचून मी कागद फायलीला लावला आणि तज्ज्ञ झालो.

इकडे तिसगावला आबांना, म्हणजे वडिलांना, लग्नाचा घोर लागलेला. तोंडात चारच दात, तेही हलते. आणि आमच्याकडे मुलीकडचे लोक रुखवतात एक लाडू मुद्दाम दगडासारखा वळतात. तो वरबापाने सगळ्या मांडवासमोर दातांनी फोडायचा. नाही फुटला, तर बायका गाण्यांतून त्याची लाज काढतात!

"आबा, काळजी सोडा. सरकार दात फुकट देतंय," मी म्हणालो.

"सरकारानं फुकट कवा काय दिलंय रं?"

"तसं परिपत्रकच आहे!"

"कागद हाय म्हन्तोस? मंग चल!"

लग्न आठ दिवसांवर असताना आम्ही नगरच्या दवाखान्यात पोचलो. किरकोळ पैसे भरून केसपेपर काढला. डॉक्टरांनी आबांचं तोंड तपासलं.

"चारही काढावे लागतील. पण घाई नाही, लग्न उरकून या."

"घाई आहे, आजच काढा!" मी हुकूम सोडला.

चार दात बशीत पडले. काढण्याचा एक पैसा लागला नाही. मी ऐटीत म्हणालो, "आता नवे द्या."

"कसले नवे?"

"कवळी हो! मोफत दंतोपचार!"

डॉक्टरांनी भिंतीवरची पाटी दाखवली. पहिली ओळ : दात काढणे मोफत. दुसरी ओळ : कवळीचा खर्च रुग्णाने करावा. वर म्हणाले, "आणि हिरड्या भरायला दोनेक महिने तरी जातील."

आबांच्या तोंडात कापूस होता, म्हणून मी तिथे वाचलो. तो कापूस गावी परतताना करंजीच्या घाटात निघाला.

"व्हतं तेबी घालवलं!" अख्खी एस.टी. ऐकत होती. "आता लाडू काय तुझ्या कागदानं फोडू?"

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांची चारचौघांतली इज्जत मी आपल्या हाताने बशीत ठेवून आलो होतो.

लग्नात रुखवत उघडलं. परातीत मधोमध तो लाडू! बायकांनी गाणं सुरू केलं, व्याही मिशीत हसले. आबा उठले आणि त्यांनी मांडवाला चक्क तोंड उघडून दाखवलं.

"बगा! पोरगं सरकारात हाय माझं. त्यानं कागद वाचला, आन् ही गत झाली!"

हसण्याने मांडव दणाणला. माझ्यातला श्रावणबाळ जागा झाला. मुंडावळ्या बाजूला सारून मी लाडू उचलला.

"आबांच्या वतीने मी फोडतो!"

कडाड्कन आवाज झाला. टाळ्या पडल्या, वाजंत्र्यांनी तर सनईही सुरू केली. पण लाडू शाबूत होता. माझा पुढचा दात तेवढा अर्धा राहिला होता!

आबा पोट धरून हसले. आठ दिवसांचा राग एका फटक्यात गेला. डोळे पुसत म्हणाले, "भिऊ नगं लेका, काढनं फुकट हाय!"

शेवटी सासूबाईंनी तो लाडू वरवंट्याने फोडला, दुधात भिजवला आणि आम्हा बापलेकांना एकाच वाटीत दिला. इतका गोड लाडू मी पुन्हा खाल्ला नाही.

लग्नाच्या फोटोत आम्हा दोघांची तोंडं घट्ट मिटलेली आहेत. पाहुणे म्हणतात, "काय शालीन माणसं!"

बायको म्हणते, "शालीन कसली! एरवी यांचं तोंड नियम समजावण्यात सदा उघडं; मिटलं तो तेवढा एकच दिवस!"