दारातली चप्पल

कुणाच्याही घरी गेल्या की काकू उजव्या पायातली चप्पल काढून दार आणि चौकट यांच्या मध्ये खुपसायच्या. डावी मात्र रीतसर पायपुसण्याजवळ ठेवायच्या. यजमान चक्रावून बघायला लागला की म्हणायच्या, "राहू दे तिला तिथंच. दाराचा काय भरवसा?"

त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर साताऱ्याहून फोन करून माझी अशी हजेरी घेतील, की इथे परदेशात, आमच्या वेरिबी गावातले सगळे मोबाइल टॉवर वितळतील.

ही चपलेची सवय माझ्या डोळ्यांदेखत जन्मली. काकूंना मुलाकडे येऊन आठवडा झाला होता. मुलगा आयटीत, सून पॅथॉलॉजी लॅबमध्ये, दोघंही सकाळी साडेसातला दार ओढून बाहेर. नात तीन वर्षांची, तिला सांभाळायला काकू. मी त्यांचा शेजारी, वेअरहाऊसमध्ये अर्ली शिफ्ट करून दुपारी घरी असणारा. त्या दिवशी नातीला झोपवून काकू कचरा टाकायला बाहेर आल्या आणि मागे दार आपोआप लागलं. इकडची दारं अशीच. माणूस बाहेर पडला की घर त्याला ओळख देत नाही. ऊन असं होतं, की आमच्या अंगणातले मॅगपाय पक्षी विजेच्या खांबाच्या सावलीत रांग लावून उभे होते. हसू नका, मी मोजले होते. अकरा होते.

काकू धावत माझ्याकडे आल्या. पोर आत, चावी आत, फोन आत. मी मर्दासारखा त्यांच्या लॉण्ड्रीच्या खिडकीतून घुसलो आणि कमरेपाशी अडकलो. अर्धा मी उन्हात भाजत होतो, अर्धा मी वॉशिंग मशीनचं तोंड बघत होतो. मागून काकूंनी माझ्या तळपायांना हात लावून दणदणीत आवाज दिला, "पुढं सरका! चला, पुढं सरका! मागं जागा नाही!"

तो आवाज ऐकून माझं शरीर आपोआप आकसलं आणि मी आत पडलो. ज्याने लहानपणी लाल गाडीतून प्रवास केलाय, त्याच्या हाडांना हा आवाज माहीत असतो. काकू वीस वर्षं सरकारी गाडीवर कंडक्टर होत्या. सातारा-महाबळेश्वर. घाटात गाडी तिरकी झाली तरी त्यांच्या हातातलं सुटं सांडलं नाही, असं त्या सांगत. मी पुढे सगळ्यांना सांगताना गाडी उलटी केली.

पोर झोपलेलीच होती. पण तेव्हापासून ती चप्पल.

माझ्या गाडीत बसल्या की पट्टा लावून काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायच्या. डबल बेल. त्याशिवाय गाडी हलवायची मला हिंमत नव्हती. पण असं गाडीत बसणं महिन्यातून एकदा, तेही भाजीला. एरवी त्या घरात. कोपऱ्यावर बसचा थांबा होता. दर वीस मिनिटांनी बस येई आणि काकू खिडकीतून तिची वेळ लावत. "आज चार मिनिटं लेट. डायव्हर नवा दिसतो." एकदा म्हणाल्या, नातीला घेऊन शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन येते. मुलगा म्हणाला, "नको गं आई, हरवशील."

कंडक्टरला म्हणाला! हरवशील! मी तिथेच बसलो होतो, थालीपीठ खात. काकू तव्याकडे वळल्या. तव्यावरचं थालीपीठ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा करपलं.

आल्या होत्या सहा महिन्यांसाठी. मग परतीचं तिकीट पुढे गेलं, नातीला डे-केअर मिळेपर्यंत. मग आणखी पुढे, सुनेचं प्रोबेशन संपेपर्यंत. मग हिवाळा संपेपर्यंत, हे कुणासाठी ते कुणालाच आठवेना. प्रत्येक वेळी काकू म्हणायच्या, "बरं." त्यांची बॅग पलंगाखाली भरलेलीच असे. माझ्या बायकोने एकदा ओढून पाहिली, कुलूपसुद्धा लावलेलं. आणि मी? मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात खूश. थालीपीठ खाणारा शेजारी हा काही निःपक्षपाती साक्षीदार नसतो, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

दीड वर्षाने मुलाला वाटलं, आईला कुठेतरी फिरवायला हवं. दोन तासांच्या अंतरावर एक जुनं गाव आहे. अमेरिकेत ते मॉर्मन पंथाचे लोक हातगाड्या ओढत वाळवंट तुडवत गेले आणि त्यांनी गावं वसवली म्हणतात, त्याच जातकुळीचं हे प्रकरण. कुठल्याशा पंथाची माणसं आपला देव घेऊन जहाजाने आली, बैलगाड्यांतून आत सरकली आणि या माळावर त्यांनी प्रार्थनाघर, शाळा, लोहारशाळा आणि एक तुरुंग बांधला. चार-दोन झोपड्या होताच तुरुंग! आता तिथे तिकीट काढून जायचं, आणि लांब झगा अन् टोपडं घातलेल्या म्हाताऱ्या स्वयंसेविका गाव दाखवतात.

माझी गाडी सात सीटची, म्हणून मला आमंत्रण. बायको शिफ्टला होती, म्हणून वाचली. सुनेने काकूंना लेसवाले स्पोर्ट्स शूज आणले होते आणि खाली बसून त्यांना दुहेरी गाठ मारून दिली होती. "आई, तिथे खडी आहे, चप्पल नको." काकूंनी पायांकडे असं पाहिलं, जणू गाडीला कुणी दुसऱ्याच गाडीची चाकं बसवली आहेत. काचेवर टकटक केली. निघालो.

टोपडंवाल्या बाईंनी आम्हाला एका झोपडीत नेलं. एक खोली, एक चूल, आणि दाराशी लाकडी पेटारा. नात इंग्रजीत विचारत होती आणि मुलगा आईला मराठीत सांगत होता. हा पेटारा म्हणे त्या घरातल्या म्हाताऱ्या आईचा. मुलाबरोबर आली, पण तिने त्यातलं सामान कधी काढून लावलंच नाही. जहाज आलं की परत जाईन म्हणायची.

काकू पुढे झाल्या. "मग गेली का परत?"

नातीने विचारलं, "डिड शी गो होम?"

"नो, लव्ह," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "शी'ज अप ऑन द हिल."

मुलगा घाईने म्हणाला, "राहिली म्हणे इथेच, मजेत."

टेकडीवर कलत्या दगडांची एक रांग दिसत होती. काकूंनी ती पाहिली. पेटाऱ्याच्या झाकणावरून हात फिरवला आणि बाहेर पडल्या.

मग तुरुंग. तो लांबूनच दाखवून बाई आवराआवरीला गेल्या. दगडाची खोली, आपल्याकडच्या मोरीपेक्षा थोडी मोठी, वर एक गजांची खिडकी. आम्ही चौघं आत शिरलो. काकू उंबऱ्यावर थबकल्या आणि सवयीने उजवा पाय उचलला. पायात बूट. मी म्हणालो, "काकू, या आत! तुरुंगाला कोण चप्पल लावतं?" त्या आल्या.

आता पुढचं. वाऱ्याने दार लागलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. वाऱ्याचा वेग सांगताना तो दर वेळी वाढतही गेलाय. तुम्हाला म्हणून खरं सांगतो. फोटोत तुरुंग खराखुरा दिसावा म्हणून दार मी ओढलं. बाहेरचा लोखंडी आडणा खाड्‌कन पडला.

आधी हसलो. मग ढकललं. मग मुलाने आणि मी मिळून खांदा लावला. मग ओरडलो. फोनला रेंज नाही. गाव बंद व्हायला वीस मिनिटं, आणि आमच्याखेरीज दुसरं कुणी आलेलं नाही. नात म्हणाली, "डॅडी, आर वी इन ट्रबल?" सुनेने तिला उचलून घट्ट धरलं. माझं विचाराल, तर मी त्या वीस मिनिटांत चार किलो घटलो.

मुलगा म्हणाला, "आई, घाबरू नकोस हं. पाच मिनिटांत कुणीतरी येईल."

काकू कोपऱ्यातल्या दगडी बाकावर आरामात बसल्या होत्या. "मी कशाला घाबरू? मला सवय आहे. तुम्ही घाबरू नका."

"कसली सवय?"

"साडेसातला तुम्ही दार ओढून जाता. संध्याकाळी सहाला उघडता."

"आई! चावी आहे की तुझ्याकडे."

"चावी आहे रे. जायचं कुठं?"

त्या खोलीत मला आयुष्यात प्रथमच विनोद सुचला नाही. दार ओढणारा मी, आणि थालीपीठ खाणाराही मीच. भिंतीत शिरता आलं असतं तर शिरलो असतो.

सून म्हणाली, "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही सांगत होता. विचारलंत कधी?" आवाज चढलेला नव्हता. "परवा तू याला म्हणालीस ना, व्हिसाचा अर्ज पुन्हा भरू या म्हणून? मी कणीक मळत होते. ऐकू येतं मला. पोरीचा मला जीव आहे. पण माझं घर बंद आहे तिकडं. गल्लीत माझ्या वयाच्या चौघीजणी आहेत, त्यातली एक मी इथे असताना गेली. आणि तू रे, ती टोपडंवाली बाई काय म्हणाली, ते मला खोटं सांगितलंस. मला त्या टेकडीवर नाही जायचं, बाळा."

मुलगा उभ्याचा खाली बसला. काकूंच्या पायांपाशी. मग त्यांनी पाय पुढे केला. "हे काढ. गाठ सुटत नाही मला."

तो दुहेरी गाठ सोडवत बसला. नखं लावली, तरी गाठ सुटेना. खाली मान घालूनच म्हणाला, "पुढच्या महिन्याचं तिकीट काढतो. आता पुढे नाही ढकलणार."

"आधी रिझर्व्हेशन दाखव, मग बोल."

बूट निघाला. काकू बाकावर चढल्या, खिडकीवर नेम धरला आणि भिरकावला. पहिल्यांदा गजाला आपटून तो माझ्या टाळक्यात बसला. योग्यच झालं. दुसऱ्यांदा गजांमधून सुसाट बाहेर. किती लांब गेला ते मला विचारू नका, मी विमानतळापर्यंत नेईन. पण गावाचं फाटक लावायला निघालेल्या टोपडंवाल्या बाईंच्या पुढ्यात तो पडला, एवढं खरं. आडणा उचलला गेला. दारात त्या उभ्या, हातात बूट.

"समवन लॉस्ट अ शू, लव्ह?"

काकू एका पायात बूट, एका पायात मोजा अशा बाहेर आल्या. मागे वळून आम्हाला म्हणाल्या, "चला, उतरा लवकर."

पुढच्या महिन्यात मीच त्यांना विमानतळावर सोडलं. मुलगा आणि सून बॅगा घेऊन पुढे गेले, नात त्यांच्यामागे. काकूंच्या पायांत ते बूट होते. मी विचारलं, चपला कुठे? म्हणाल्या, "सामान जास्त झालं." मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते, मी खिडकी खाली करून काही तरी बोलायला गेलो. काकूंनी गाडीच्या टपावर दोनदा टकटक केली. जन्मभर गाडीत बसून बेल दिलेली बाई, त्या दिवशी बाहेर उभी राहून देत होती. मला निघावंच लागलं.

घरी आलो तर माझ्या दाराच्या फटीत काकूंची उजवी चप्पल. डावी मुलाच्या दारात होती. तिकडे मुलाने आणि सुनेने नवीन सोय केली आहे: नात आता डे-केअरला जाते, सून लवकर येते, आणि मुलगा शनिवारी पोरीला घेऊन त्या बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो. बस किती लेट झाली ते आजीला फोनवर सांगावं लागतं.

बायको म्हणते, काढ ती चप्पल, दार फटीएवढं उघडं राहतं, घरभर माश्या होतात. काढणार होतो. परवा मुलगा आला, थालीपीठ घेऊन. त्याने स्वतः केलेलं, करपलेलं. आत येताना त्याचा पाय लागून चप्पल बाजूला सरकली आणि दार मिटायला लागलं. तसा तो ताट हातात घेऊनच खाली वाकला, आणि ती पुन्हा नीट फटीत बसवूनच आत आला.