कुटुंबप्रमुखाचा रकाना

मैत्रिणींनो, सत्तेचाळिसाव्या वर्षी आज हिंगोलीत एका संस्थेत माझी इंटर्नशिप सुरू झाली. सरकारी योजना बायांपर्यंत का पोचत नाहीत, हे गावोगावी विचारायचं काम आहे.

आधी सरावाला आपल्याच घराचा फॉर्म भरायचा होता. आमच्या मॅडम, माझ्या लेकीएवढ्या, म्हणाल्या, "काकू, वर कुटुंबप्रमुख म्हणून पतीचं नाव आहे आणि खाली विधवा लिहिलंय. कोणतं बराबर?"

ह्यांना जाऊन चार वर्षं झालीत.

"खालचं बराबर हाय. वरचं हातानं आपोआपच लिहिलं."

त्या म्हणाल्या, "गावातल्या बायाही असंच लिहीत असतील ना? मग विचारायचं कसं, तुम्हीच सांगा."

"आज कोणाकोणासाठी भाकरी थापल्या, असं विचारा. घरात खरंच कोण हाय, ते बाई बराबर सांगते."

मॅडमनी ते लगेच लिहून घेतलं.

मी वरचं नाव खोडून माझं लिहिलं. फार जड गेलं.

हे माझ्यासाठी किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून ठेवायचे, त्यावरच मी वाचायला शिकले. आज खोलीवर एकटीपुरती भाकरी थापली. माझा प्रश्न फॉर्मात गेला, हे जेवताना ह्यांना सांगायचं होतं.

तुमी अशी गोष्ट कोणाला सांगता?