सीझनची लस

माझ्या आतोबांच्या मते जगात ऋतू दोनच: सीझन आणि सीझन नसतानाचे दिवस. पेणमध्ये सीझन म्हणजे गणपतीचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; पण आतोबांनी त्यावर सगळे आयुष्य बेतले होते. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा असा हात गावात दुसरा नाही, असे कारखानदार म्हणत आणि आतोबा त्यांना कधी अडवत नसत. आखणीच्या दिवसांत त्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेले: "सीझन संपला की बघू." दाढ सुजून गालाचा मोदक झाला तरी तेच. एकदा कारखान्यात पाणी शिरले, तेव्हा त्यांनी पाय पाटावर घेतले आणि पाण्यालाही तेच सांगितले, असे आत्या म्हणते. आत्या थोडे वाढवून सांगते. पण फार नाही.

अशा ऐन आखणीत रोह्याला त्यांच्या लेकीला मुलगी झाली. लग्नानंतर बारा वर्षांनी, आणि तीही दिवस भरण्याआधी, इवलीशी. डॉक्टरांनी बजावले, बाळाला जवळ घेणाऱ्या प्रत्येकाने फ्लूची लस घ्यायची. आतोबांनी तर घ्यायचीच; वय सत्तर आणि रंगाच्या भुकटीने चिघळलेला जुना खोकला. डॉक्टर फोनवर समजावून म्हणाले, "काका, ही सीझनची लस आहे." इथेच घात झाला.

"सीझनची? म्हंजे कारखानदारांनीच काढली हाय," आतोबा फोन ठेवून कडाडले. "सीझनात कोनी आजारी पडून घरी बसू नये म्हनून! मी नाय घेनार."

हा सीझन फ्लूचा, गणपतीचा नव्हे, हे पटवताना माझी दमछाक झाली. त्यात लस दरवर्षी घ्यावी लागते हे कळल्यावर तर ते उसळलेच. "देवीची लस एकदाच टोचली, वण अजून हाय. मागल्या वर्षीची यंदा चालत नाय, ती कसली लस?"

फ्लू दरवर्षी रूप बदलतो, असे मी म्हणालो. तांदूळ निवडणारी आत्या मान वर न करता म्हणाली, "अवो, मागल्या वर्षीचा गणपती तरी यंदा चालतो काय? चालला असता तर तुमी काय खाल्लं असतं?"

आतोबा हळू आवाजात म्हणाले, "लशीनं ताप आला, हात थरथरला, तर देवाची नजर बिघडंल रे. आन् नाय घेतली, तर पोर माझ्या हातात नाय देनार."

दुसऱ्या दिवशी, चाळीस मूर्ती डोळ्यांवाचून बसलेल्या असताना, ते ब्रश ठेवून उठले. दवाखान्यात त्यांनी डावा दंड पुढे केला. ताप आला नाही. दंड दिवसभर ठणकला आणि तो कारखान्यातल्या प्रत्येकाला दाबून बघावा लागला.

लस लागू पडायला पंधरवडा जातो म्हणून तेवढे थांबून आम्ही रोह्याला गेलो. लेकीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. आतोबा तासभर हलले नाहीत. "द्या आता माझ्याकडं," आत्या म्हणाली. "थांब गो जरा," म्हणत आतोबांनी दुपट्याची कड सारखी केली.

परतीच्या गाडीत नागोठणे जवळ आल्यावर आतोबा म्हणाले, "ही शाळेत जायला लागंल तवा मी असेन ना रे?"

आणि खिडकीबाहेर बघतच त्यांनी पुढे सांगितले, "पुढल्या वर्षीची लस कधी येते, तेवढं विचारून ठेव."