स्मशानातल्या शेडाचं कुलूप

साल दोन हजार बावीस. मला बहात्तरावं चालू होतं. शाळा दुसरीतच सुटली, पण सरकारी ऑफिसात मान खाली घालून उभा राहणारा मी नव्हे. सगळं गाव ते जाणून होतं, आणि गाव जाणून आहे याची मला घमेंड होती.

आमच्या स्मशानात आधी काहीच नव्हतं. ओढ्याकाठचं उघडं रान. पावसात कुणी गेलं की कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा काढायचा आणि जाळ धरेपर्यंत चौघांनी चार कोपरे धरून सरणाभोवती उभं राहायचं. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी एक कोपरा माझ्याकडं होता. पत्रा तापला तरी सोडता येत नाही, सोडला की पाणी सरणावर. माझ्या तळहाताची कातडी त्या पत्र्याला चिकटून गेली. तेव्हापासून मी धरूनच बसलो, गावाला शेड पाहिजे.

जनसुविधेच्या निधीतून काय मागायचं म्हणून ग्रामसभा बसली, तर पोरांना वेशीत कमान पाहिजे होती. रंगीत, गावाचं नाव घातलेली. शेड म्हणणारा मी एकटा. तेव्हा बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. माझ्याच वयाची, शाळेत खिचडी शिजवायची.

"कमानीखाली लगीन लावायचं व्हय रं तुमचं? आधी मढ्यावर पत्रा घाला. भाऊ, तुम्ही आणा शेड. पहिली मीच जाते त्यात!"

सभा हसली आणि ठराव शेडाचा झाला.

पुढं मी धाराशिवला जिल्हा परिषदेत खेटे घातले. "आबा, लई गावांची मागणी आहे, पुढच्या आराखड्यात बघू," असं साहेब म्हणाला की मी खुर्चीतून उठायचोच नाही. शेवटी काम मंजूर झालं. उन्हाळ्यात शेड उभं राहिलं. वर पत्रा, बाजूनं जाळी, जनावरं शिरू नयेत म्हणून पुढं लोखंडी गेट. चहाच्या टपरीवर मी म्हणायचो, "शेड म्या आणलंय." कुणी नाही म्हणायचं नाही. उन्हाळा सरला, पावसाळाही सरत आला, पण तेवढ्यात गावात कुणी गेलं नाही. शेड कोरंच राहिलं.

दिवाळीच्या तोंडाला परतीचा पाऊस लागला. माझं सोयाबीन नुकतंच मशीनमधून निघून पोत्यांत भरलेलं. रान स्मशानाला लागूनच आहे, आणि पाणंदीत गुडघाभर चिखल. गाडी घरापर्यंत येईना. कट्टे भिजले असते तर मोड आले असते. मी ते शेडात नेऊन रचले आणि गेटला घरचं कुलूप घातलं. चावी करदोट्याला. मनात म्हणालो, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, आणि शेड आणलंय कुणी?

त्याच आठवड्यात मी पुन्हा धाराशिवला गेलो, पाणंदीला निधी मागायला. साहेबापुढं वाजू नये म्हणून मोबाईल बंद करून कोटात ठेवला. "बघा, आमच्या गावाला दिलेला पैसा वाया जात न्हाय. शेड बघायला या एकदा," असं ऐटीत सांगून आलो.

दुपारी फाट्यावर एस.टी.तून उतरलो. पाऊस चालूच होता, आणि ओढ्याच्या अंगाला काळा धूर. टपरीवाला म्हणाला, "खिचडीवाली मावशी गेली पहाटं. तुम्हाला लई फोन लावले, आबा. बंद."

मी चिखलातून तसाच निघालो. जाऊन बघतो तर गेटला कुलूप. आत माझे कट्टे, कोरडे ठणठणीत. आणि गेटापुढं उघड्यावर तिचं सरण. चौघं पत्रा धरून उभे. एक कोपरा तिच्या पोराकडं, अग्नी देऊन तोच धरायला उभा राहिलेला. माझा हात करदोट्याकडं गेला.

"र्‍हाऊ द्या आबा," बाजूचा एक जण म्हणाला. "आता धराय लागलाय जाळ."

"कुलूप तोडायचं न्हाय का रं?"

"तुमचं कुलूप, तुमचं शेड. कोण तोडणार?"

मान देऊन म्हणाला का टोमणा मारला, मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. कळलं नाही. मागून कुणीतरी बोललं, "सोयाबीन तरी वाळलं न्हवं?" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी अंगावर धावून तरी गेलो असतो.

मी तिच्या पोराजवळ गेलो. "आण, तो कोपरा माझ्याकडं दे."

"नको आबा," तो म्हणाला. "तुम्ही भिजाल."

जन्मात मला असं कुणी मारलं नव्हतं. जाळ पत्र्याला टेकेपर्यंत मी नुसता उभा राहिलो, चावी मुठीत धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडलं आणि एकेक कट्टा ओढत बाहेर काढून बांधावर टाकला. वरून भुरभुर चालूच होती. त्यावर काही झाकलं नाही. शेड झाडलं, कुलूप ओढ्यात फेकलं आणि तिच्या घरी गेलो. अंगणात छपराखाली घोंगडीवर माणसं बसलेली. मला बघून सवयीनं सरकली. "या आबा, इकडं वर या." तिचा पोरगा बशी नुसत्या बोटांच्या टोकांवर धरून चहा पीत होता. तळहात बशीला लागू देत नव्हता.

"शेड मोकळं केलंय," मी म्हणालो. वाटेनं बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं.

त्यानं बशी खाली ठेवली. "आता कशाला, आबा?"

घोंगडीवरची माझी जागा तशीच मोकळी होती. मी तिकडं गेलो नाही. डोक्यावरची टोपी काढली आणि दाराशी, लोकांच्या चपला पडल्या होत्या तिथं, खाली बसलो.