सुजाताची संमती

कागद टाइप होऊनच आला होता. सुजाताची सही आणि माझा शिक्का तेवढा बाकी होता. कांबळेकाकांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वकीलबाई, एवढं उरका. आजच फॅक्स जायला पायजे."

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. शाहूपुरीत माझं ऑफिस होतं आणि निम्मं काम परदेशी जाणाऱ्यांच्या कागदांचं. नोटरी म्हणजे काय, याबद्दल लोकांचा घोळ असतो. कागदातला मजकूर खरा आहे असं नोटरी म्हणत नाही. या माणसाने समजून-उमजून माझ्यासमोर सही केली, एवढंच म्हणते. नेहमीचे दाखले पुढच्या शिक्क्यांसाठी मुंबईला मंत्रालयात, मग दिल्लीला, मग त्या देशाच्या वकिलातीत जात. मयताच्या कामात मात्र नोटरी केलेला कागद तिथल्या आपल्या दूतावासाला आधी फॅक्सने पाठवायचा, मूळ प्रत मागून.

हे मयताचंच काम होतं. काकांचा मुलगा प्रकाश सौदीत वेल्डर होता. कामावर असताना उंचावरून पडला आणि गेला. सुजाता त्याची बायको. सासरा-सून शिरोळकडून सकाळच्या एसटीने आले होते. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, पदर तोंडाशी धरून.

प्रकाशचा पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यामुळे तिचं नाव त्यात नव्हतं. मी वारसाचा दाखला मागितला. तोही काकांनी तहसीलमधून आणला होता. मग मी मजकूर वाचला. इंग्रजीत होता. प्रेताचं दफन तिकडेच करावं, पत्नीची हरकत नाही.

यात काय लिहिलंय ते माहीत आहे का, असं मी सुजाताला विचारलं. त्यांना घरी आणायचा कागद आहे, असं ती म्हणाली. काका खाली बघायला लागले.

मी सगळा मजकूर तिला मराठीत सांगितला. तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. मग सही करणार नाही म्हणाली.

काका चिडले नाहीत. पोस्टमॉर्टेम, पोलीस, परवानग्या यांत देह यायला किती आठवडे जातील सांगता येत नाही, असं कंपनीच्या माणसाने त्यांना फोनवर सांगितलं होतं. "माझा भाऊ पुरात गेला," ते म्हणाले. "लई दिसानं घावला. त्येला म्याच वळखला. त्ये अजून डोळ्यापुढनं हलत न्हाय. ह्या पोरीला तसलं बघाय लागू नये, म्हणून केलं हे."

 तिकडे दफनाचा किंवा इकडे आणण्याचा, कोणताही कागद मी करून देईन, पण ठरवायचं सुजाताने, एवढंच मी सांगितलं.

ती सासऱ्याकडे वळली. "मामा, तुमी बघू नका. मी बघतो."

मृतदेह भारतात पाठवावा, असा नवा कागद केला. तिने अक्षर अक्षर जोडून सही केली. साक्षीदार म्हणून काकांनी सही केली. कोपऱ्यावरच्या बूथवरून मी स्वतः फॅक्स पाठवला.

पेटी यायला खूप दिवस गेले. काका मधूनमधून मला फोन करत, काही कळलं का विचारत. मुंबईहून अँब्युलन्स गावात आली, एवढं मला नंतर समजलं.

काही महिन्यांनी सुजाता मृत्यूच्या दाखल्याच्या कामासाठी आली. या वेळी काका खाली रस्त्यावरच थांबले होते.  तिने आपणहून सांगितलं. पेटी उघडू नका, असं सगळे म्हणत होते. तिने उघडायला लावली.

"तोंड वळखू येत न्हवतं, बाई. मामांचं खरं हुतं." मग म्हणाली, "हातावरचा वेल्डिंगचा डाग तेवढा वळखला. त्यो हात धरून बसलो."

आणायला नको होतं असं वाटतं का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. दाखल्याच्या नकलेवर शिक्का मारून दिला. ती जिना उतरून गेली आणि खिडकीतून मला दोघे एसटी स्टँडकडे जाताना दिसले. काका पुढे, ती मागे, मध्ये बरंच अंतर.

'मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला' हे शब्द आमच्या शिक्क्यात तयारच असतात. तरी दर वेळी ते प्रत्यक्ष करावं लागतं. समजल्यावर त्या माणसाचं काय होतं, त्यासाठी शिक्क्यात जागा नसते.