अक्काची पोच

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. जिला सांगायला हवी होती त्या अक्काला तर नाहीच.

हिंगोली सोडली त्या सकाळी मी बैलगाडीत सरकीच्या पोत्यांना टेकून बसलो होतो. निजामाचं राज्य जायच्या आधीचा तो शेवटचा हिवाळा. निजामाच्या बाजूच्या टोळ्या तरणी पोरं रात्रीतून उचलून नेत होत्या, कुठल्या गावाला कधी आग लागेल याचा भरवसा नव्हता. स्टेशनावर झडती, म्हणून गाडीवाटेनं पुसेगाव आणि तिथून सरहद्द ओलांडून वऱ्हाड. माझ्या पायाशी, सरकीत पुरलेलं, बाबांनी हातानं बनवलेलं बिनतारी यंत्र होतं. त्याचं जुळं भावंड घरी, ज्वारीच्या कणगीत.

आई ओसरीवरून हलली नाही. "जेवत जाय येळेवर," एवढंच म्हणाली. अक्का मात्र गाडीपर्यंत आली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन नरसीच्या सासरहून परत आलेली. तिनं गाडीच्या फळीवर बोटानं ठोके दिले. लांब, लांब, आखूड, आणि पुढं आणखी बरेच. गाडीवानाला वाटलं, पोरीचा जीव घाबरा झालाय. मला कळलं. ती म्हणत होती, "गाढवा."

आमच्या घरात ती भाषा होती. बाबा स्टेशनात तारबाबू. त्यांनी मला मोर्स शिकवलं ते पितळी चमच्यानं, पाटाच्या कडेवर. अक्काला कुणी शिकवलं नाही. चुलीपुढं भाकऱ्या थापता थापता तिनं नुसतं ऐकून उचललं. बाबांना कळलं तेव्हा पाहुणे जेवायला बसले होते, ही उलथन्यानं तव्यावर टकटक करून राहिली होती, आणि बाबांचा घास हातात थांबला. पाहुणा अधाशी आहे, असं तवा सांगत होता. बाबा हसले, मग रागावले, मग दुसऱ्या दिवसापासून तिलाही यंत्राच्या खटक्यावर बसवलं. तिचा हात माझ्याहून फार हलका. मला म्हणायची, "तुझा हात म्हंजे खडीवरली बैलगाडी."

बाबांना त्या यंत्रांचं वेड. वाशीमकडून वस्तू मागवायचे, तारा गुंडाळायचे, कुठल्या तरी अनोळखी माणसाचे ठोके लागले की रात्रभर खुशीत. दुसऱ्या महायुद्धाची लढाई लागली तेव्हा सरकारात यंत्रं जमा करायचा हुकूम निघाला. बाबांनी एक जमा केलं, दोन लपवली. लढाई संपायच्या आत ते गेले. त्यांचा एकच नियम आम्हा दोघांच्या डोक्यात बसला होता: "पोच मिळेस्तोवर थांबायचं न्हाई. अन् मिळालं की पोच द्यायला कुचरायचं न्हाई. समोरचा तिकडं ठोकत बसलेला असतो." पोच म्हणजे एक आखूड, एक लांब, एक आखूड. अर्ध्या क्षणाचं काम.

सरहद्दीपलीकडं आमच्यासारख्यांची छावणी होती. तिचे कारभारी एक गुरुजी, शिस्तीचा माणूस. मी यंत्र घेऊन आलो म्हणताच मला वेगळी खोली मिळाली. अक्का तिकडून कळवायची, कोणत्या गावावर टोळी निघणार, उचलायला कुणाची नावं निघाली. मग इथून माणसं जायची, बायालेकरं हलवायची. यंत्राचे ठोके हवेत सोडायला उंच तार लागते, तिची ती तार म्हणजे आमच्या अंगणातली धुणं वाळत घालायची तार. त्यावर साड्या लोंबत असायच्या. विधवा बाईच्या धुण्याकडं कोण बघतो?

एकच धोका होता. हिंगोलीला आमच्या घरामागं जिनिंगचा कारखाना, त्याच्याही पलीकडं अमीनसाहेबाचा, म्हणजे पोलिस अंमलदाराचा बंगला, आणि बंगल्यात रेडिओ. अक्कानं खटका दाबला की त्या रेडिओत कटकट उठायची. पण दिवेलागणीला कारखान्याचा डायनॅमो सुरू झाला की सगळ्या गल्लीचे रेडिओ नुसते खरखरायचे, त्यात तिची कटकट बुडून जायची. सातला भोंगा झाला की डायनॅमो बंद. म्हणून ठरलं होतं: जे काय द्यायचं ते भोंग्याच्या आत. पोच मिळाली की यंत्र कणगीत.

घरगुती बोलणं बंद. गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे यंत्र तुमच्या खुशालीसाठी न्हाई. एक शब्द जास्तीचा दिसला तर दुसरा माणूस बसवीन."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तो जास्तीचा शब्द दिला. काम संपल्यावर हळूच विचारलं, "आई कशी." तिनं उत्तर दिलं नाही, पोच तेवढी दिली. शहाणी होती.

दुसऱ्या संध्याकाळी तिचे ठोके आले, सातला दहा कमी असताना. त्या दिवशी कुठल्या गावाची खबर नव्हती. फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर. "आई बरी. तिळगूळ ठेवलाय. कधी येतोस." शब्द न् शब्द मी कागदावर उतरवला. खटक्याकडं हात नेला, आणि दार उघडून गुरुजी आत आले.

मी कागद तळव्याखाली झाकला.

"काही आलं?"

"न्हाई जी. नुसती खरखर."

एकदा हे बोलल्यावर पोच कशाची देणार? वाटलं, जातील आता. ते सतरंजीवर बसले, चहा मागवला, नावांची यादी काढली. माझ्या कानात अक्का परत सुरू झाली. आई बरी. तिळगूळ ठेवलाय. तिला वाटलं, पोचलं नाही. नियम म्हणजे नियम. तिसऱ्यांदा. सात वाजून गेले, तिकडचा डायनॅमो थांबला असणार. समोर गुरुजी कुणाच्या तरी घरातली माणसं मोजत होते, आणि मी मान हलवत होतो. चौथ्यांदा ती सावकाश देत होती, लहान लेकराला घास भरवावा तशी, माझ्या बैलगाडीच्या हाताला झेपावं म्हणून. पाचव्यांदा "कधी" आला. पुढचा शब्द आला नाही.

गुरुजी म्हणाले, "चेहरा काहून उतरला?" मी म्हटलं, "जागरण."

भादव्यात राज्य गेलं आणि मी घरी गेलो. आईनं डबा काढला, त्यातला तिळगूळ दगडासारखा झाला होता. तिनं तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "जेवत व्हता का येळेवर?" अक्का डाव्या हातानं पीठ मळत होती. उजव्याची बोटं त्याच संध्याकाळी अमीनसाहेबाच्या माणसांनी बंदुकीच्या दस्त्यानं उंबऱ्यावर ठेचली होती. अडीच महिने कोठडीत ठेवलं. तिनं एक नाव सांगितलं नाही.

मला बघून ती हसली. "माझाच हात कच्चा निघाला रे दामू. पाच येळा दिला, तुला लागलाच न्हाई."

तेव्हा बोलता आलं असतं. तिथं फक्त आम्ही तिघं होतो. मी म्हणालो, "व्हय, खरखर लई व्हती."

"बॅटरी उतरली असन," ती म्हणाली, आणि पीठ परातीला चिकटलं म्हणून स्वतःवरच चिडली.

मग मी अकोल्याला तार ऑफिसात लागलो. वीस वर्षं झाली. क्वार्टर आहे, डोक्यावर पंखा आहे, पोरं वऱ्हाडी बोलतात आणि हिंगोलीला गेलं की दोन दिवसांत कंटाळतात. ड्यूटीवर रोज शेकडो तारा घेतो. मयत, जन्म, ट्रान्सफर. एकाचीही पोच मी कधी चुकवली नाही. साहेब म्हणतात, सगळ्या ऑफिसात तुमच्याइतका चोख माणूस नाही. मी खाली बघतो.

तुम्ही जे तिकडं राहिलात, आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या तुम्हाला गाव म्हटलं की नदी आठवत असेल, बाजार आठवत असेल. मला अंगणातली ती तार आठवते. ती अजून आहे. अक्का अजून तिच्यावर धुणं घालते, डाव्या हातानं. मी गेलो की ओसरीच्या खांबावर त्याच हातानं ठोकते, "गाढव आला." ठोके आता वाकडे पडतात. ती ओशाळते. म्हणते, "आधीपासूनच कच्चा, त्याला तू काय करशील?" माझी पोरं हसतात, मीही हसतो. वीस वर्षं मी तिला तिचा हात कच्चा मानू दिला आहे.

हा कागद आधी तिच्याकडं जाईल, मग तुमच्याकडं.

अक्का, तुझा हात कच्चा नव्हता. बॅटरी उतरली नव्हती. पहिल्याच खेपेला सगळं पोचलं होतं, आई, तिळगूळ, कधी येतोस, सगळं. मी पोच दिली नाही. ती पोच मी तुला देणं लागतो.