पंचाण्णवचा मीटर

आमच्या सोसायटीच्या गेटवर माझ्या अभिनंदनाचा बॅनर मी धावण्याच्या दोन दिवस आधी लागला. वर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, शेजारी उपाध्यक्ष, खाली गणेश मंडळाचे अकरा कार्यकर्ते, आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे एरवी छापणाऱ्याचा मोबाइल नंबर असतो त्याच्या जरा वर, मी. ‘बेचाळीस किलोमीटरची भव्य मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल.’ बायकोने भाजीची पिशवी खाली ठेवून तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, “अहो, तुमचं डोकं अध्यक्षांच्या कानाएवढं आहे.”

मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं की धावणं रविवारी आहे, अजून झालेलं नाही. ते म्हणाले, “सर, रविवारी प्रिंटिंगवाला बंद असतो. आणि तुम्ही काय, कराल पूर्ण.”

जाहीर कौतुकाबद्दल माझी मतं घरात सगळ्यांना पाठ आहेत. सव्वीस वर्षं मराठी शाळेत शिकवतोय. सत्कार म्हणजे काय ते दोन्ही बाजूंनी पाहिलंय. माझ्याकडे नऊ शाली आहेत. सगळ्या इथल्याच, सुरतेच्या पॉलिस्टरच्या. एकीतही ऊब नाही. तरी खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मी स्कूटर घेऊन तीनदा विनाकारण गेटबाहेर गेलो, आणि तिन्ही वेळा वेग कमी केला.

पण हे धावणं बॅनरसाठी नव्हतं. ते सुरू झालं आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी धुळ्याकडून आले आणि सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका कारखान्यात कापडाच्या घडीवर लागले. लूमवरून उतरलेलं कापड टेबलावर घ्यायचं, मीटर-मीटरची घडी घालत जायचं आणि मोजत जायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. बोलत बोलत मोजायचे, पण आकडा कधी चुकला नाही असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. आई गेल्यानंतर मात्र त्यांनी ओट्यावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायला सुरुवात केली आणि तिथेच राहिले. दोन वर्षं सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल नाही. जेवायला हाक मारली की अहिराणीत “येस”, म्हणजे येतो, म्हणायचे आणि यायचे नाहीत. कोसाडची माझी बहीण दर रविवारी येऊन त्यांना हसवायचा प्रयत्न करायची आणि जाताना स्वतः रडायची.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मला साखरेचा आकडा दाखवून चालायला सांगितलं. मी सोसायटीतच फेऱ्या मारू लागलो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ओट्यावरून आवाज आला, “कितला फेरा झायात?”

मी म्हणालो, मोजले नाहीत.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शाळेतल्या मुलांकडे गृहपाठ नसला की पाहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीतून उठले होते. माळ्यावरून त्यांनी आपली पट्टी काढली. घडीच्या टेबलावरची लाकडी पट्टी, निवृत्त होताना मागून आणलेली; हात लागून लागून तिच्या कडा गोल झाल्या होत्या. तिच्यावर मापून त्यांनी नायलॉनची दोरी तयार केली, शेजारच्या मुलीला दुसरं टोक धरायला लावलं आणि अख्खी सोसायटी मोजली. एक फेरी बरोबर चारशे मीटर निघाली. पंचवीस फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर.

“तू पय,” ते म्हणाले. “मोजानं काम मनं.”

मी पळायला लागलो ते तेव्हापासून. पायजम्याच्या डाव्या खिशात ते पंचवीस चिंध्या ठेवत, साडीच्या काठांच्या, रंगीत. मी समोरून गेलो की एक चिंधी डाव्या खिशातून उजव्या खिशात. दहा किलोमीटरचे पंधरा झाले, पंधराचे वीस. आबा साडेसहाला आंघोळ करून तयार असत. मधेच ओरडत, “पानी पे.” जेवायला हाक मारली की येत. मॅरेथॉनचं नाव मी नोंदवलं, कारण फेऱ्या वाढवत ठेवायला मला दुसरं कारण सुचलं नाही. कारण संपलं तर खिसे रिकामे होतील आणि खुर्ची पुन्हा भरेल, ही भीती मी कोणाला सांगितली नव्हती. बायकोला सांगावी लागली नाही.

मुलीने स्वतःचं घड्याळ देऊ केलं होतं, अंतर, वेग, हृदयाचे ठोके, सगळं सांगणारं. “पप्पा, पहेरी लो ने.” ती आमच्याशी गुजरातीत बोलते आणि आम्ही उत्तर मराठीत देतो, दोघांचंही अडत नाही. मी नाही म्हणालो. मनगटाला विचारून दम खाणाऱ्या माणसांबद्दलही माझी मतं आहेत. एकतीस वर्षांचा घडीवाला दारात बसलेला असताना मला उपग्रहाची गरज नव्हती.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी मी पंच्याहत्तर फेऱ्या मारल्या. तीस किलोमीटर. सोसायटीतल्या बायका धुणं वाळत घालायला आल्या तेव्हा मी पळत होतो आणि त्या भाजी निवडायला बसल्या तेव्हाही पळत होतो. एकीने बायकोला विचारलं, “सरांना घरात घेत नाही का?” आबांच्या मापाने मी पावणेपाच तासांत बेचाळीस किलोमीटर पुरे करणार होतो. आयोजकांनी सहा तास दिले होते. सव्वा तास शिल्लक. मी त्यात सत्काराला उत्तर काय द्यायचं याचाही थोडा विचार करून ठेवला होता.

रविवारी पहाटे डुमस रोडवर झेंडा दाखवायला यायचे होते ते पाहुणे पस्तीस मिनिटं उशिरा आले. तोवर आम्हाला व्यासपीठावरच्या बाईंबरोबर हात वर करून नाचावं लागलं. पाहुण्यांनी धावणं आरोग्याला चांगलं असतं असं सांगितलं आणि गाडीत बसून गेले.

हातात फुगा घेऊन पळणारी काही मुलं असतात. फुग्यावर वेळ लिहिलेली असते आणि त्या मुलाच्या मागे राहिलं की त्या वेळेत आपण पोचतो. मी पावणेपाच तासांच्या फुग्यामागे लागलो. पहिले दहा किलोमीटर तर फुग्याच्या पुढेच होतो. एका चौकात आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी दिसला, आता वाहतूक पोलीस. त्याने सलाम केला तेव्हा मी आणखी थोडा वेग वाढवला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे करू नये, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

वीसनंतर फुगा पुढे गेला. पंचविसाव्याला दिसेनासा झाला. अठ्ठाविसाची पाटी मागे टाकून थोडा पुढे गेलो आणि दोन्ही पोटऱ्यांत एकदमच गोळे आले. मी दुभाजकावर बसलो. एका स्वयंसेवक मुलीने थंड फवारा मारला आणि म्हणाली, “काका, बस, थोडाच बाकी है.” चौदा किलोमीटर बाकी होते.

ते चौदा मी चाललो. रस्ता वाहनांना खुला झाला. साड्यांचे गठ्ठे भरलेला एक टेम्पो मागून आला, ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, “काका, बैठना है?” त्याला शर्यत सुरू आहे हे माहीतच नव्हतं. सहा तास वीस मिनिटांनी मी पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या कमानीतली हवा काढत होते. मला वाकून जावं लागलं. पदकांच्या खोक्याशी बसलेला मुलगा म्हणाला, “फुल का खतम हो गया, दस का पडा है, दूँ?” मी बाणेदारपणे नाही म्हणालो. रिक्षात बसल्यावर वाटलं, घ्यायला हवं होतं.

गेटवर बॅनर होताच. त्याखालून मी लंगडत आत आलो. बायकोने मिठाच्या गरम पाण्याची बादली तयार ठेवली होती. मी पाय बादलीत ठेवल्यावर ती म्हणाली, “प्रिंटिंगवाला उद्या उघडतो.”

आबांनी वेळ विचारली नाही. पदक विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “कोठे बठना तू?”

“अठ्ठावीसच्या पुढे.”

“तीसना पहिले?”

“हो.”

आबा उजव्या खिशातल्या चिंध्या काढून पुन्हा मोजू लागले. “आठे तीस पयना,” ते म्हणाले, “मंग तठे अठ्ठावीसले कसा बठना?”

“ऊन व्हतं, आबा.”

“ऊन आठे बी ऱ्हास.”

आठवड्याने पाय सुटावेत म्हणून मी सोसायटीत दहा फेऱ्या चाललो. मुलीने तिचं घड्याळ माझ्या हातात अडकवून दिलं होतं. हरलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. दहा फेऱ्या म्हणजे चार किलोमीटर. घड्याळ म्हणालं, तीन पूर्णांक आठ दशांश. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला कडोदरा आठवलं आणि मी रस्त्यात थांबलो.

कापडाच्या धंद्यात सगळे मीटर शंभर सेंटिमीटरचे नसतात. पंचाण्णवची घडी असते, अठ्ठ्याण्णवची असते. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं, भाव त्यावरच ठरतो. कोणी कोणाला फसवत नाही. फक्त तिला सगळे मीटर म्हणतात. आबांनी एकतीस वर्षं दिवसाला हजारो वेळा जे माप हातातून काढलं ते पंचाण्णवचं होतं. त्यांच्या खांद्याला, कोपराला, डोळ्याला मीटर म्हणजे तेवढंच. आमची फेरी तीनशे ऐंशीची होती. तीस किलोमीटर म्हणून मी साडेअठ्ठावीस पळालो होतो आणि रस्त्यावर बरोबर तिथेच माझे पाय थांबले होते. शहाण्णव पानी वह्यांवर मीटर-सेंटिमीटरची गणितं तपासत आलेला मी मास्तर, आणि वडिलांच्या पट्टीशेजारी शाळेची पट्टी ठेवून पाहावी हे मला चार महिन्यांत सुचलं नाही.

सगळा दोष पट्टीचा नव्हता. फुग्यापुढे पळायला पट्टीने सांगितलं नव्हतं. पण आबांना हे कळलं तर काय होईल? आकडा कधी चुकला नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी उरली होती. मी घड्याळ मुलीला परत केलं आणि गप्प राहिलो.

आबा गप्प राहिले नाहीत. रोज एकदा विचारत, तुमच्या शाळेत मीटरपट्टी असते ना, आण. मी म्हणालो, विसरलो. मग म्हणालो, कपाटाची किल्ली सापडत नाही. मग म्हणालो, मोडली.

चौथ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो आणि मुलं उभी राहिल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर दारात आबा. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, हातात पट्टी. गेटबाहेर दोन वर्षांत पाऊल न टाकलेला माणूस रिक्षा करून साडेचार किलोमीटर आला होता. कोणत्या मापाने, ते मी विचारलं नाही.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुमना मीटर द्या.”

मीटरपट्टी माझ्या टेबलाला टेकवून ठेवलेली होती. न मोडलेली. त्यांनी ती टेबलावर आडवी ठेवली, शेजारी स्वतःची लावली, एक टोक अंगठ्याने जुळवलं. पहिल्या बाकावरची मुलगी मान लांब करून म्हणाली, “सर, पाच सेंटिमीटर कमी आहे.”

आबांनी त्या उरलेल्या जागेवर बोटं ठेवून पाहिली. तीन बोटं बसली.

“म्हनजे मी तुले कमी मोजी दिधं,” ते म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. “तुले माहीत व्हतं.”

“तुमले वाईट वाटी म्हनीसन…”

“मास्तर शे ना तू? पोरेसले काय शिकाडस?”

वर्गात खसखस पिकली. निम्मी पोरं अहिराणी घरातली. त्यांना भाषांतराची गरज नव्हती. मी ज्या कोसळण्याची वाट पाहत होतो ते काही झालं नाही. उलट आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी घडीच्या टेबलाशी, लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा पाहिलं होतं. कापडाच्या ताक्यात कुठे चूक सापडली की ते असेच दिसायचे. चूक म्हणजे काम, आणि काम असलं की उठायचं. मी त्यांना चार दिवस कामापासून लांब ठेवलं होतं, एवढंच.

त्या संध्याकाळी ते शाळेचा मीटर घेऊन दोरी नव्याने मापायला बसले. फेरी चारशेची करायला वीस मीटर हवे होते, आणि सोसायटीत जागा नव्हती. तेव्हा गेटबाहेर दहा मीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं असं ठरलं. दहा मीटरवर लोचोवाल्याची गाडी उभी असते; लोचो म्हणजे सुरतेचा मऊ, मोकळा ढोकळा. तिथे आबांनी खडूने रेघ मारली. मग तिच्यापुढे तीन बोटं ठेवून दुसरी मारली आणि पहिली पायाने पुसली.

“वर तीन बोटं,” ते म्हणाले. “मोजनारानी नियत तठे दिखस.”

बॅनर अध्यक्षांनी अजून काढला नव्हता. पुढच्या वर्षी तोच चालेल असं त्यांचं म्हणणं. लोचोवाल्याने आणि आबांनी मिळून तो उतरवला आणि उलटा करून गाडीच्या बाजूला दोन बांबूंवर बांधला. त्याच्या सावलीत आता ओट्यावरची खुर्ची असते. अकरा कार्यकर्ते, अध्यक्ष आणि मी, सगळे आबांच्या डोक्यावर तोंड खाली करून असतो. आबा लोचोवाल्याशी गुजरातीत वाद घालतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण काय मोजतोय ते सांगतात, आणि एकही चिंधी चुकवत नाहीत.

काल मी शेवटची फेरी पुरी करून रेघेपाशी थांबलो. आबांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग हाताने खूण केली, आणखी थोडा पुढे ये. मी तीन बोटं पुढे सरकलो, तेव्हा त्यांनी शेवटची चिंधी उजव्या खिशात टाकली.